वाचून कायम करणे

निरोप समारंभाचं ठरवायला म्हणून शनिवारी दुपारी सगळे जमले खरे, पण पाऊण तास झाला तरी समारंभाचं कोणी नावच काढेना. टेबलावर आत्याला द्यायच्या भेटीची यादी पडली होती. तीत एकच शब्द, 'घड्याळ', आणि तोही तिच्या धाकट्या भाच्यानं खोडलेला. "जन्मभर घड्याळाकडे बघून धावली बिचारी, आता जाताना पुन्हा घड्याळच द्यायचं?" असं तो म्हणाला होता आणि ते सगळ्यांना पटलं होतं. त्यानंतर यादी पुढे सरकली नव्हती.

यादीशेजारी एक झेरॉक्स होती. घोडं अडलं होतं ते तिच्यापाशी.

झेरॉक्स आणली होती वकीलबाईंनी. वकीलबाई म्हणजे थोरल्या भाच्याची मुलगी. सनद मिळून जेमतेम दीड वर्ष झालेलं, पण घरात हे नाव तिला सातवीतच पडलं होतं, कारण ताटात पडलेल्या प्रत्येक गोष्टीला तिची हरकत असायची. आता ती हरकती घेण्याचेच पैसे घेत होती, एवढाच काय तो फरक.

"सोमवारी अकराला सुनावणी आहे," ती म्हणाली. "आपल्याकडे दाखवायला हा एकच कागद आहे. आणि आई तो दाखवू देत नाहीये."

तिची आई खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. नगराध्यक्ष म्हणून तिला सगळं गाव ओळखत होतं, पण घरात ती दोन महिन्यांपूर्वीपर्यंत कधी अशी पाठ करून उभी राहिली नव्हती.

थोरल्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याचं चष्म्याचंच दुकान. दिवसभर लोकांना 'आता दिसतं का?' असं विचारायचं. स्वतःच्या बायकोच्या मनात काय चाललंय ते मात्र त्याला पंचवीस वर्षांत एकदाही एका झटक्यात दिसलं नव्हतं.

गोष्ट तशी साधी होती. धाकट्याच्या सुतारकामाच्या कारखान्याला लागून पालिकेचं एक रिकामं गोदाम आहे. ते भाड्यानं द्यायचं ठरलं, बंद लिफाफे मागवले, धाकट्याचा आकडा सगळ्यांत वरचा निघाला. मंजुरीसाठी विषय सभेपुढे आला. अध्यक्षांनी खुर्चीतून उठून सांगितलं, "हा माझा दीर आहे. या विषयाशी माझा संबंध येतो, मी बाहेर जाते." आणि ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. आत उपाध्यक्षांनी विषय घेतला, सगळ्यांनी हात वर केले, शिपाईबाईंनी तिला परत बोलावलं. काचेसारखं स्वच्छ काम.

पण सभेत काय झालं याची जी अधिकृत नोंद असते, जिला इतिवृत्त म्हणतात, तिच्यात लिहिलं होतं: 'विषय क्रमांक सात. माननीय अध्यक्षांसह उपस्थित सर्व सभासदांनी सर्वानुमते मंजूर केला.' आणि पुढच्या सभेत त्याच इतिवृत्तावर अध्यक्षांची स्वतःची सही होती. विरोधी गटातल्या औषधवाल्यांनी नक्कल काढली आणि अर्ज ठोकला. नातलगाच्या कामावर मत दिलं की पद जातं, वर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. कायदा सरळ आहे, त्यात पळवाट नाही.

"तीन सभासद सांगायला तयार आहेत ना, वहिनी बाहेर गेली होती म्हणून?" धाकट्यानं विचारलं.

"काका, ते तिघं आईच्याच गटाचे. आणि एकदा कायम झालेलं इतिवृत्त खरं मानतात. तोंडी साक्षीनं ते खोटं पडत नाही, कागदाला कागदच लागतो." वकीलबाईंनी झेरॉक्सवर बोट ठेवलं. "म्हणून हा बघ. विषय सात, अनुमोदक कोण?"

"होयबा," धाकटा वाचून म्हणाला. अर्थात कागदावर त्या सभासदांचं खरं नाव होतं, पण गावात त्यांना त्या नावानं कोणी ओळखलं नसतं. वीस वर्षं त्यांनी प्रत्येक ठरावाला अनुमोदन दिलं होतं. एकदा तर स्वतःच्याच निषेधाच्या ठरावाला दिलं होतं.

"आता उलट कागद, मागे हजेरीचं पान आहे. होयबांची सही कुठे आहे?"

धाकट्यानं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "नाहीये."

"कारण त्या दिवशी ते दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. मी विचारून आले. सभेला आलेच नव्हते! म्हणजे जो माणूस सभेत नव्हता त्यानं अनुमोदन दिलं. याचा अर्थ एकच. हे इतिवृत्त सभेनंतर लिहिलेलंच नाही. सभेच्या आधीच लिहून ठेवलं होतं."

"मग झालं की!" धाकट्यानं टेबलावर थाप मारली. "सांगून टाकू. कोण तो कारकून आधीच लिहून मोकळा होणारा? त्याच्या हलगर्जीपणापायी वहिनीनं का..."

तो थांबला. धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो, पण पडला की लख्ख पडतो.

"अरे देवा," तो म्हणाला. "इतिवृत्त तर आत्या लिहिते."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तो दुरुस्त करायचं काम सहा महिने धाकट्याकडेच होतं.

"तुला माहीत होतं?" त्यानं वहिनीला विचारलं.

"पहिल्याच दिवशी," खिडकीकडून उत्तर आलं. "नक्कल हातात पडली तेव्हाच. आत्यांचं अक्षर मी ओळखणार नाही होय?"

"मग मी नाही यात," धाकटा म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून भावाच्या बाजूला जाऊन बसला. दोन मिनिटांपूर्वी तो पुतणीच्या बाजूला होता. "महिनाअखेरीला निवृत्त व्हायची आहे ती. चाळीस वर्षांत एक डाग नाही. आणि आपण उठून तिच्याकडे बोट दाखवायचं? गोदाम गेलं चुलीत. मी सोडतो ते."

"काका, गोदाम सोडून काही होत नाही. दिलेलं मत परत घेता येत नाही."

"दिलंच नाही ना तिनं मत!"

"तेच तर मी सिद्ध करतेय!"

"हळू बोला," थोरला म्हणाला. "आत्या येईल एवढ्यात. शनिवारी दोनला सुटते ती." मग बायकोकडे वळून त्यानं हळूच विचारलं, "तू राजीनामा दिलास तर? दीडच वर्ष राहिलंय. प्रकरण मिटेल."

ती वळली. डोळे कोरडे होते, आवाज खालचा. "राजीनामा नाही देणार. दिला म्हणजे मी दिराला गोदाम दिलं असं कबूल केल्यासारखं होईल. मी सोमवारी जाणार आणि जे खरं आहे ते सांगणार. इतिवृत्तावर मी न वाचता सही केली. चूक माझी आहे. बस. त्यापलीकडे एक अक्षर नाही."

"आई, त्यानं तू हरशील."

"हरेन. पण त्या बाईवर मी बोट उचलणार नाही." आता आवाज चढला. "या घरात आले तेव्हा मी बारावी नापास होते. परीक्षेचा अर्ज कोणी भरला? आत्यांनी. मी कॉलेजात होते आणि तू पाळण्यात होतीस, तेव्हा संध्याकाळी ऑफिसातून येऊन तुला कोणी घेतलं? आत्यांनी. उमेदवारी अर्जसुद्धा त्यांच्याच अक्षरातला. म्हणून तर वाचलं नाही ना कधी काही! या घरात आत्यांनी लिहिलेलं कोणी वाचून बघितलंय आजवर?"

खरंच होतं ते. शाळेचे रजेचे अर्ज, लग्नाची पत्रं, बँकेचे फॉर्म, भांडलेल्या भावांचे माफीनामे, सगळं आत्यानं लिहायचं आणि बाकीच्यांनी खाली सही ठोकायची, ही घराची रीत होती. मोत्यासारखं अक्षर, एक काना इकडचा तिकडे नाही. तिच्या कागदावरून नजर फिरवणं म्हणजे तिचा अपमान, असं कोणी म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांनी मानलं होतं.

थोरला यादीवरच्या खोडलेल्या घड्याळाकडे बघत होता. त्याला शाळेची खिडकी आठवत होती.

"चौथीत होतो मी," तो म्हणाला. "चेंडूनं काच फोडली. आत्यानं त्या वेळी माफीचं पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं आणि म्हणाली, सगळ्या वर्गासमोर वाच. मी म्हटलं, मी एकटाच नव्हतो. तर म्हणाली, पत्र तुझं आहे, बाकीच्यांची पत्रं बाकीचे लिहितील." त्यानं चष्मा सारखा केला. "आपण तिला न विचारता तिच्याबद्दल ठरवतोय. मला वाटतं, तिला विचारायला हवं."

"म्हणजे तुम्हीसुद्धा?" त्याची बायको म्हणाली.

"मी कुणाच्याच बाजूला नाही गं."

"या घरात असं नसतं," धाकटा म्हणाला.

*

आत्या दहा मिनिटं झाली दाराशीच उभी होती. एक चप्पल काढलेली, एक पायात.

तिला चोरून ऐकायचं नव्हतं. पण स्वतःचं नाव ऐकल्यावर कुठला माणूस चप्पल वाजवत आत जाईल? तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला. चाळीस वर्षं याच दारातून ती त्याच वेळेला आत आली होती. ती अठरा वर्षांची असताना भाऊ गेला. वहिनी त्याच्या आधी दोन वर्षं, धाकट्याच्या जन्माच्या वेळी. भाऊ पालिकेत नळ कारकून होता. त्याच्या जागी पालिकेनं तिला घेतलं, टंकलेखन येत नसतानाही घेतलं. तेव्हाचे मुख्याधिकारी म्हणाले होते, "अक्षर चांगलं आहे ना, मग बाकीचं शिकशील." त्या एका वाक्यावर दोन पोरं मोठी झाली. पालिकेवर रागावणारे लोक तिनं हजारांनी पाहिले, पण तिला स्वतःला तिच्यावर कधी रागावता आलं नाही.

आणि त्याच पालिकेच्या वहीत तिनं खोटं लिहिलं होतं. जाणूनबुजून नाही. सवयीनं.

सभेच्या आदल्या दिवशीच इतिवृत्त लिहून ठेवायची खोड तिला कशी लागली ते तिलाच आठवत नव्हतं. विषय आधी कळायचे, सूचक ठरलेला, अनुमोदक होयबा, निकाल सर्वानुमते. मग नंतर घाई कशाला? नंतर लिहिलं की अक्षर बिघडतं. काही वेगळं घडलंच तर ती त्याच दिवशी बसून दुरुस्त करायची. वर्षातून एखाद्या वेळी.

त्या दिवशीही ती करणार होती. पण ठराव मंजूर झाला आणि तिचं भानच गेलं. धाकट्याला गोदाम मिळालं! दोन वर्षांचं असल्यापासून जे पोर तिच्या कमरेवर बसून वाढलं होतं, ज्याला शाळेनं 'याला काही येणार नाही' म्हणून परत पाठवलं होतं, त्याला आता स्वतःचा मोठा कारखाना. वही मिटून ती तडक त्याच्याकडे गेली होती, बातमी आपणच द्यायची म्हणून. दुरुस्ती राहून गेली ती राहूनच गेली.

औषधवाल्यांना नक्कल तिनंच करून दिली. करताना वाचली आणि चूक कळली. तेव्हापासून रोज दुपारी, दफ्तरखोलीत कोणी नसलं की ती कोरा कागद पुढे घ्यायची. 'मी खाली सही करणार' एवढं लिहायची आणि पुढे हात चालायचा नाही. अकरा कागद फाडले होते. सगळ्या गावाचे अर्ज लिहिणाऱ्या बाईला स्वतःचा एक अर्ज लिहिता येत नव्हता. भीती वाटत होती, दुसरं काय! निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली तर? लोक काय म्हणतील? पोरं काय म्हणतील?

पोरं काय म्हणतात ते आता ऐकून झालं होतं. तिनं दुसरी चप्पल काढली, डोळे पदरानं पुसले आणि घसा खाकरला.

"चहा टाकलाय का कोणी, की नुसतीच सभा चाललीये?"

*

आत सगळ्यांची एकदम धावपळ झाली. धाकट्यानं झेरॉक्सवर यादी ठेवली, वकीलबाईंनी यादीवर पेला ठेवला. आत्यानं पेला उचलला, यादी उचलली, आणि झेरॉक्स स्वतःपुढे ओढून घेतली.

"अनुमोदक होयबा," ती म्हणाली. "हुशार आहे हो आपली वकीलबाई. दोन महिन्यांत हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं."

"आत्याआजी, मी..."

"तू तुझं काम केलंस. माझं मी केलं नाही." ती खुर्चीत बसली. मग सुनेकडे बघून म्हणाली, "आणि तू गं? मला वाचवायला निघालीस होय? मी काय पाण्यात पडलेय?"

भरल्या सभेत विरोधकांना गप्प करणारी बाई ती, पण आत्यापुढे ती अजूनही बारावी नापासच असायची. "आत्या, तुम्ही मध्ये पडू नका," कसंबसं ती म्हणाली. "मी जी काही आहे ती तुमच्यामुळे आहे. एवढं तरी मला फेडू द्या."

"फेडायला मी काय सावकार आहे? आणि फेडायचंच असेल तर असं? खुर्चीत माझ्या घरची बाई बसते, सभेला जाताना मला 'येते हं आत्या' म्हणून जाते, त्याचा मला केवढा अभिमान वाटतो, ठाऊक आहे का तुला? ती खुर्ची माझ्या खोटेपणापायी जाऊ देऊ? कागद आण. सूनबाई, मी सांगते, तू लिही. माझा हात चालत नाही."

अध्यक्षांनी कागद घेतला, पेन उघडलं.

"हरकत!" वकीलबाई ओरडल्या. "आई, तू नाही लिहायचंस! तुझ्याच प्रकरणातला जबाब तू कसा लिहिशील? तुझा हितसंबंध आहे!"

"मग मी लिहितो," धाकटा म्हणाला.

"गोदाम कुणाला मिळालं, काका?"

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "माझी बायको आहे ती," तो म्हणाला.

"मीही नाही, मी तिची वकील," वकीलबाईंनी हात वर केले.

आत्या आधी गालातल्या गालात आणि मग मोठ्यानं हसली. "काय मेलं हे घर! हितसंबंध नसलेला एक माणूस सापडत नाही."

सगळेच हसले. दोन महिन्यांत या टेबलावर कोणी हसलं नव्हतं. हसता हसता धाकट्याचे डोळे भरून आले आणि तो नळ बघायला म्हणून आत निघून गेला.

मग आत्यानं स्वतःच पेन हातात घेतलं. 'मी खाली सही करणार' एवढं लिहिलं आणि थांबली.

"पहिलं वाक्य फक्त खरं लिही," थोरला हळूच म्हणाला. "बाकीची त्याच्यामागून आपोआप येतात."

आत्यानं मान वर केली. हे तिचंच वाक्य होतं. चौथीतल्या पोराला सांगितलेलं.

"लक्षात आहे तुझ्या?"

"वर्गासमोर वाचलं होतं, आत्या. विसरेन कसा?"

तिनं लिहिलं. अर्धा तास लागला. अक्षर नेहमीसारखं नव्हतं, ओळी उजवीकडे चढत गेल्या होत्या, एका जागी खाडाखोडही होती. पूर्ण झाल्यावर तिनं कागद सुनेपुढे सरकवला.

"कशाला, आत्या? तुम्ही लिहिलंय म्हणजे..."

अध्यक्षांनी जीभ चावली. आत्या तिच्याकडे रोखून बघत होती.

"वाच," आत्या म्हणाली. "सगळं वाच. मोठ्यानं."

अध्यक्षांनी वाचलं. पंचवीस वर्षांत आत्याचा कागद पहिल्यांदा या घरात वाचला गेला. त्यात भावाच्या जागेचा उल्लेख नव्हता, चाळीस वर्षांचा नव्हता, दयेची याचना नव्हती. सवय होती, आनंद होता, आणि राहून गेलेली दुरुस्ती होती. शेवटची ओळ तिनं पुन्हा एकदा वाचली.

"यात मी न वाचता सही केल्याचं नाहीये," ती म्हणाली.

"ते तुझं पत्र आहे. तुझं तू लिही," आत्या म्हणाली. "आणि आता कोणीतरी चहा टाका."

*

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, एक पंखा, भिंतीला टेकून फाइलींनी फुगलेली तीन कपाटं. वकीलबाई तेच कागद तिसऱ्यांदा लावत होत्या. स्वतःच्या आईची केस, आणि साक्षीला लहानपणी केस विंचरून देणारी आजी. कॉलेजात हे शिकवत नाहीत.

सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी जबाब दोनदा वाचला. हजेरीचं पान पाहिलं, अनुमोदकाचं नाव पाहिलं, पुन्हा हजेरीचं पान पाहिलं.

"किती वर्षं सभेच्या आधी लिहिताय?"

"अठ्ठावीस," आत्या म्हणाली.

"आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"सगळे नेहमी होच म्हणायचे, मॅडम. लक्षात कसं येणार?"

मॅडमचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो जरा जास्तच वेळ लावून ठेवला.

"अध्यक्षबाई, तुम्ही न वाचता सही केलीत?"

"हो. केली. ती चूक माझी आहे."

"असं किती वेळा?"

"प्रत्येक वेळी," आई म्हणाली, आणि वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. अशिलानं एवढं खरं बोलावं अशी कुठल्याच वकिलाची इच्छा नसते.

औषधवाल्यांना विचारलं, काही म्हणायचंय का. वकीलबाई सावरून बसल्या. आता हा माणूस बनाव म्हणणार, घरच्या बाईनं घरच्या बाईला वाचवलं म्हणणार. म्हणायला जागाही होती. औषधवाले उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, थोरल्याच्याच दुकानातला, आणि जबाबाची प्रत हातात घेतली.

"मी त्या सभेला नव्हतो," ते म्हणाले. "मी फक्त कागद वाचला. आणि दुसऱ्या कुणाचा असता तर चार ठिकाणी विचारलं असतं. यांचा होता म्हणून विचारलं नाही." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "माझ्या दुकानाच्या परवान्याचा अर्ज यांनीच लिहून दिला होता, मॅडम, तीस वर्षांपूर्वी. यांच्या कागदावर मी विश्वास ठेवला तेव्हाही, आणि आज हा जबाब वाचूनही ठेवतो. मला आणखी काही म्हणायचं नाही."

ते खाली बसले. वकीलबाईंनी तयार करून आणलेला अकरा मुद्द्यांचा कागद हळूच घडी करून पिशवीत टाकला. त्या माणसाला दोन महिने तिनं मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आठवून तिला लाज वाटली.

निकाल आठवड्यानं आला. अध्यक्षांनी मत दिल्याचं सिद्ध होत नाही, अर्ज फेटाळला. यापुढे इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नये अशी समज. आत्याला लेखी ताकीद. चाळीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात पहिली आणि शेवटची काळी ओळ. निवृत्तीवेतनाला धक्का नाही.

ताकिदीवर सही घ्यायला मुख्याधिकारी स्वतः दफ्तरखोलीत आले. नवीनच होते, खजील झालेले. आत्यानं कागद घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. मग परत दिला.

"तारीख चुकलीये, साहेब. दुरुस्त करून आणा, मग सही करते."

*

तिच्या नोकरीतली शेवटची सभा महिनाअखेरीला भरली. पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. अध्यक्षांनी ते स्वतः वाचलं, पंचवीस मिनिटं, पानन् पान. सभासद जांभया देत होते. होयबांनी तर मध्येच एकदा झोपेत अनुमोदन दिलं. आत्या आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ऐकत होती, आणि तिच्यापुढची वही कोरी होती. अठ्ठावीस वर्षांत आज पहिल्यांदाच तिनं आधी काही लिहिलं नव्हतं, आणि आता पुढे काय होणार हे खरोखरच तिला ठाऊक नव्हतं. बाई गं, सभा अशी असते होय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मग ऐनवेळचा विषय म्हणून औषधवाले उठले. हातात एक कागद होता.

"चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव मांडायचा आहे," ते म्हणाले. "कुणाच्या, ते सांगायची गरज नाही."

आत्याच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. अध्यक्ष खुर्चीतून उठल्या.

"या माझ्या आत्या आहेत," त्या म्हणाल्या. सासूबाई नाही, आतेसासूबाई नाही, नुसत्या आत्या. "या विषयाशी माझा फार जवळचा संबंध आहे. मी बाहेर जाते." दाराकडे जाता जाता त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबल्या. "आत्या, तुम्हीही चला. तुमचा तर सगळ्यात जवळचा."

"आणि लिहिणार कोण?"

"तो नवा कारकून लिहील. झाल्यावर."

दोघी व्हरांड्यात आल्या आणि शिपाईबाईंनी आतून दार लावून घेतलं. खिडकीतून दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. त्यात दोघी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. आत कोणीतरी बोलत होतं, शब्द कळत नव्हते. मग दुसरा आवाज. होयबांचा असावा. मग तिसरा, चौथा. इतके आवाज एका विषयावर आत्यानं कधी ऐकले नव्हते. आणि मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात.

आत्यानं सुनेचा हात घट्ट धरला. दोघींचे डोळे वाहत होते आणि पुसायचं दोघींनाही सुचत नव्हतं.

"काय म्हणत असतील गं आत?" आत्यानं विचारलं.

"ठाऊक नाही, आत्या," सून म्हणाली. "लिहून आलं की वाचू."